तारऑफिसातला तीनताल

नोकरी करून गाणं-बजावणं करणाऱ्या माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. आमच्या पोस्टात पत्ता न सापडलेली पत्रं एका फडताळात पडून असायची, तसे हे माझ्या डोक्यात पडून आहेत. आज सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र रोज सकाळी ऑफिसची पायरी देवाचं नाव घेऊन चढायचो!

लढाईची वर्षं होती ती. मी नगरच्या तारऑफिसात तारा ठोकणारा सिग्नलर होतो, आणि तबलजी. वामन शाळामास्तर, आणि गवई. उस्मानभाई आम्हा दोघांपेक्षा मोठे. ते शिंपी, आणि पेटी अशी वाजवायचे की ऐकत राहावं. तिघांनी मिळून मुंबईच्या रेडिओला अर्ज केला होता आणि तिघेही रोज टपालाची वाट बघायचो.

या सगळ्याच्या आड उभे होते आमचे पोस्टमास्तर, कुंटेसाहेब. ते तरुणपणी स्वतः सिग्नलर होते. त्यामुळे आलेली तार वाजवणारा साउंडर कडकडायला लागला की, डोकं कागदात असलं तरी, ती त्यांना नुसत्या कानांनी वाचता यायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तबला वाजवता म्हणे? मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कामात चूक झाली, तर शेवगाव!"

शेवगाव काही वाईट गाव नाही हो. बाजार मोठा, माणसं चांगली. पण तिथे बदली झाली असती, तर वामन इकडे, उस्मानभाई इकडे आणि मी तिकडे एकटा डग्गा मांडीवर घेऊन बसलेला. रेडिओ संपलाच!

०

वामनचा गळा दिवसभर शाळेच्या ताब्यात असायचा. चौथीच्या पोरांवर ओरडून ओरडून संध्याकाळी आवाज फाटलेला. रविवारी एक बैठक होती, म्हणून त्याने त्या आठवड्यात मौनच धरलं. जे सांगायचं ते फळ्यावर लिहायचं, बाकी खुणा. पोरं आधी गोंधळली, मग घाबरली. मास्तर बोलत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर होणार! वर्ग चिडीचूप झाला.

आणि नेमके इन्स्पेक्टर टपकले! वामनने त्यांना नमस्कारही खुणेनेच केला. पण साहेब तो शांत वर्ग बघून एवढे खूश झाले, की त्यांनी शेरेबुकात कौतुक लिहिलं आणि जवळपासच्या शाळांतल्या मास्तरांना हा वर्ग बघायला यायचा हुकूम सोडला. ते शुक्रवारी यायचे होते. वामन पळत माझ्याकडे आला आणि पाटीवर लिहिलं, "आता रे?"

"आता काय? बोलू नकोस," मी म्हणालो.

शुक्रवारी मास्तर मंडळी आली. मागच्या भिंतीला टेकून त्यांनी अर्धा तास सगळं बघितलं. शेवटी देवळाली प्रवराकडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना राहवेना. ते म्हणाले, "ते समदं ब्येस हाय. पर तुमी पोरांना शिकवता तरी कवा?"

वामनने फळ्यावर लिहिलं, "सोमवारपासून."

०

उस्मानभाईंकडे तेव्हा लष्कराचे खाकी शर्ट शिवायचं काम होतं. आमची तालीम त्यांच्याच दुकानात चालायची. ते मशीनवर, वामन कापडाच्या ठाणांवर आणि मी उंबऱ्यापाशी. हात मोकळे झाले की ते पेटी ओढायचे. एरवी पाय मशीनवर, कान माझ्या ठेक्यावर.

एकदा आम्ही दोघांनी द्रुत तीनताल धरला. उस्मानभाईंचे पाय ठेक्याबरोबर असे काही पळायला लागले, की दोन दिवसांचे शर्ट दुपारपर्यंत तयार! कंत्राटदार आला, बघून गेला आणि जाताना म्हणाला, "आजपासून रोज एवढेच पाहिजेत."

झालं! दुसऱ्या दिवशी वामनने डोळे मिटून विलंबित ख्याल सुरू केला, तर उस्मानभाई ओरडले, "ओ वामनराव, इलंबित बंद! एका बाहीला घंटा लागतोय. काम गेलं तर माझी लेकरं काय तुमचा ख्याल खातील?"

पुढे महिनाभर आम्ही विलंबित केलाच नाही. रेडिओवाल्यांना विलंबित ऐकायचा असतो असं वामनने कुठूनतरी ऐकलं होतं, ती धास्ती वेगळीच.

०

आता माझी चूक सांगतो. अशी चूक फक्त तारवालाच करू शकतो.

तार ठोकायच्या खटक्याशेजारी एक पितळी पट्टी असायची. ती सरकवली की खटका लाईनपासून सुटायचा. काम नसलं की मी पट्टी सरकवून खटक्यावरच ठेके वाजवत बसायचो. मनगटाला चांगली मेहनत होते. एका दुपारी पट्टी सरकवायची राहिली, आणि माझा सोळा मात्रांचा तीनताल वीस मिनिटं लाईनवरच्या यच्चयावत स्टेशनांत वाजत राहिला!

मनमाडच्या सिग्नलरने मला पकडलं. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं, नावही माहीत नव्हतं. लाईनवर तो 'मनमाड' आणि मी 'नगर'. पण सिग्नलर लोक एकमेकांचा हात ओळखतात, ठोकण्याच्या ढंगावरून. कामाची गर्दी ओसरली की आम्ही रोमन अक्षरांत मराठी गप्पा मारायचो. त्याने ठोकलं, "ठेका छान. खालीच्या मात्रेला घाई करतोस. आता पट्टी सरकव."

मी झटकन पट्टी सरकवली. साहेब तेव्हा जेवायला घरी गेले होते म्हणून वाचलो, असं वाटलं. पण कुठल्याशा स्टेशनने वर कळवलं, की लाईनवर शत्रूची सांकेतिक भाषा ऐकू आली! आठच दिवसांत एक गोरा अधिकारी चौकशीला आला. त्याच्या हातात टिंबं आणि रेघा मांडलेला कागद होता. "सोळा-सोळा ठोक्यांचे गट आहेत," तो म्हणाला, "आमची माणसं अर्थ लावताहेत."

अर्थ! धा धिं धिं धा, दुसरा काय असणार! कुंटेसाहेब शांतपणे म्हणाले, "तारेवर पिंपळाची फांदी आपटत होती. कापून टाकली."

"वाऱ्याने फांदी बरोबर सोळा-सोळा वेळा आपटते?"

"साहेब, हे लष्कराचं ठाणं आहे. इथला वारासुद्धा कवायतीत वाहतो."

अधिकारी हसला, चहा पिऊन गेला. कुंटेसाहेब मात्र हसले नाहीत. मला समोर उभं करून म्हणाले, "ऑफिसचं नाव जाऊ नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. यापुढे तबल्यापायी एक जरी भानगड झाली, तर शेवगावची ऑर्डर तयार आहे." त्यांनी खण उघडून दाखवला. खरंच तयार होती! सही तेवढी बाकी होती.

०

त्यातच माझा उजवा हात आखडायला लागला. तार ठोकणाऱ्यांना हे दुखणं होतं म्हणतात. सकाळी मनगट वळेना, दुपारी बोटं बधिर. नोकरीही याच हाताची आणि तबलाही याच हाताचा. हात गेला तर माझ्याकडे राहणार काय? मी कोणालाच सांगितलं नाही. एका रविवारी मोटारीने कोल्हारला गेलो. तिथे प्रवरेकाठी एक हाडवैद्य बसायचा.

म्हाताऱ्याने मनगट दाबलं, मी कळवळलो. "काय कामं करतो या हातानं?"

"तारऑफिसात आहे. आणि तबला वाजवतो."

"दोन न्हाई चालायची. एक सोड."

"कुठलं सोडू?"

"लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग आत्ताच कशाला इचारतो? लगीन झालं की बायकू सांगंल!"

तेल घेऊन परत आलो. मोटारीत सगळा वेळ मी मांडीवरच्या त्या हाताकडे बघत होतो.

०

आणि मग रेडिओचं बोलावण्याचं पत्र आलं!

मी साहेबांकडे चार दिवसांची रजा मागितली. कारण विचारलं, तर घरगुती म्हणालो. "लढाई चालू आहे. रजा नाही," ते म्हणाले आणि विषय संपला. तेव्हा मी ताप आणला. ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाठवून दिली. वामनने शाळेत चुलतभावाचं लग्न सांगितलं. उस्मानभाईंनी कंत्राटदाराला मावशी वारल्याचं कळवलं. लग्न, मयत आणि ताप असे तिघे एकाच गाडीत बसून मुंबईला निघालो!

रेडिओवाल्यांना मी हात जोडून सांगितलं, की माझं नाव तेवढं पुकारू नका. कारण घरी रेडिओ ठेवायचा परवाना आमच्याच ऑफिसातून मिळायचा आणि रजिस्टर मीच चाळलं होतं. गावात रेडिओ थोडे. त्यात एक कुंटेसाहेबांचा. परवाना त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला. लढाईच्या बातम्या ऐकून ते रेडिओ बंद करतात असं त्यांचा शिपाई सांगायचा. आणि आमचं गाणं होतं बातम्यांना लागून!

लाल दिवा लागला. वामन फार सुरेख गायला. शेवटी मी तिहाई घेतली. तोच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर टाकायचा. दोन पल्ले झाले आणि तिसऱ्याला माझं मनगट आखडलं. हात खाली पडला खरा, पण समेवर पडला की आधीच, ते मला कळलंच नाही! वामनला विचारलं, तो म्हणाला, "छान झालं," पण माझ्याकडे न बघता. उस्मानभाई म्हणाले, "मी तर डोळे मिटले हुते." नगर येईपर्यंत मी मनातल्या मनात ती तिहाई शंभरदा वाजवली आणि दर वेळी ती वेगळीकडेच पडली.

कामावर हजर झालो तो दाढी वाढवून, गळ्याला मफलर गुंडाळून. साहेब टेबलाशी लिहीत होते.

"बरं वाटतंय?"

"हो साहेब. थोडा अशक्तपणा आहे."

त्यांनी मान हलवली. मी खटक्यापाशी बसलो आणि 'नगर हजर' एवढं ठोकलं. लगेच साउंडर कडकडायला लागला. मनमाड!

"तुझ्या जागेवरचा म्हणाला, ताप. उतरला का? रेडिओवर तुझा हात ओळखला. तिहाई एक मात्रा आधी आली."

साउंडरचं तोंड दाबता येत नाही. एकेक अक्षर त्या खोलीत खणखणीत वाजलं. मागे साहेबांच्या टाकाची कुरकुर थांबली. खण उघडल्याचा आवाज झाला. माझी ऑर्डर त्याच खणात होती.

"सिग्नलर!"

"साहेब."

"मनमाडला कळवा," खणातून टीपकागद काढून तो लिहिलेल्यावर दाबत साहेब म्हणाले, "साफ चूक. तिसरा पल्ला बरोबर समेवर होता."

मी कळवलं.