लियाँला 'जेवलीस का' विचारताना

"मांगेस," सुलोचनाबाई पुन्हा म्हणाल्या.

"मांगेस नाही, मांज. एका दमात. ज जरा श कडे झुकवा."

"आणि मागचा एस?"

"लिहायचा. बोलायचा नाही."

"बोलायचा नाय, तर लिवतात कशाला वो?"

पुण्यात कॉलेजात फ्रेंच शिकवताना मला याचं धड उत्तर देता आलं नाही. रिटायर होऊन रत्नागिरीत आल्यावर काय देणार? मराठी माणूस लिहिलेलं सगळं वाचतो. फ्रेंच क्रियापदाच्या शेपटातली निम्मी अक्षरं मात्र नुसती बसून असतात. 'मांज' म्हणजे 'खातेस'. फ्रेंचमध्ये ते लिहायला सहा अक्षरं लागतात, तोंडातून निघतो एकच सिलॅबल, म्हणजे आवाजाचा एक तुकडा. 'खाल्लं' म्हणायचं तर दोन: मां-जे. मी टेबलावर बोटाने ठोके देत शिकवते. एक सिलॅबल, एक ठोका.

बाई लांज्याहून एसटीने यायच्या. मुलगा बोटीवर शेफ, सून फ्रेंच, नात लीना आईजवळ फ्रान्समध्ये, लियाँला. मुलगा बोटीवर गेला की मधे बोलणारं कोणी उरायचं नाही. व्हिडिओ कॉलवर लीना आजीकडे बघायची आणि पळून जायची. तिने जरा थांबावं, एवढंच बाईंना हवं होतं. मलाही त्या यायला हव्या असायच्या. हे गेल्यापासून घरात फ्रेंच सोडाच, मराठी बोलायलाही कोणी नाही.

काय विचारायचं ते लगेच ठरलं. आपल्याकडे फोन लागला की पहिला प्रश्न एकच, जेवलीस का? "तु आ मांजे?" चार ठोके. त्यावर लीना "वी", म्हणजे हो म्हणेल. मग काय जेवलीस ते विचारायचं. असा सगळा संवाद मी बसवून घेतला. सुनेसाठी आदरार्थी रूपही शिकवलं. बाई एसटीत मांडीवर ठोके धरायच्या.

रविवारी दुपारी माझ्याच घरून कॉल लावला.

"तु आ मांजे?" उच्चारात खोट काढायला जागा नव्हती. लीना थांबली.

"नों," ती म्हणाली.

तिकडे अजून सकाळच होती, जेवणार कुठून? माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे या प्रश्नाला कोणी नाही म्हणत नाही, म्हणून 'नाही'ची तयारीच केली नव्हती.

"अगो बाय माजे, उपाशी काय गो?" बाईंचं फ्रेंच संपलं. डोळ्यांत पाणी आलं. लीना त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग आत गेली, पावाचा तुकडा घेऊन आली आणि आजीसमोर बसून खायला लागली. पाव संपेपर्यंत हलली नाही.

निघताना बाई उंबऱ्यात थांबल्या. बोटांनी दारावर ठोके देत त्यांनी मला विचारलं, "वू-झा-वे-मां-जे?" जेवलात का?

"वी," मी म्हटलं. सकाळपासून मी नुसत्या चहावर होते.

आता नव्या विद्यार्थ्याला मी 'नों' आधी शिकवते. एकच सिलॅबल आहे. मला अजून जमत नाही.