‘पुण्यात कधी आलात?’ विचारायला गेल्यावर

लोकांच्या आठवणी गोळा करायला निघालं की आठवणी येतात थेंब थेंब, आणि किस्से मात्र बदाबदा! मी आणि ओंकार, आम्ही दोघं बाहेरगावाहून पुण्यात येऊन राहिलेल्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करतो. कधी आलात, का आलात, आधी कुठे राहिलात, असे साधे प्रश्न. पण विकायला काहीच आणलं नाही आणि नुसतं विचारतोय, अशा माणसाइतका संशय पुण्यात चोराचाही घेत नाहीत!

*

सुरुवात शनिवार पेठेतून. एका निवृत्त मास्तरांनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"काय विकता?"

"काही नाही काका. बाहेरून पुण्यात आलेल्या लोकांचा इतिहास लिहितोय."

"मग चुकीच्या घरी आलात."

ओंकार चिवट. "आपण मूळचे कुठले?"

"गुहागरचे."

"म्हणजे आपणही बाहेरूनच आलात की!"

काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आलो नाही. आमच्या पूर्वजांना बोलावणं होतं. तुम्हाला आहे का?"

दार बंद!

*

मंडईबाहेर लिंबं-मिरच्या घेऊन बसणाऱ्या एक मावशी यवतमाळकडच्या, असं कळलं होतं. ओंकारच्या गळ्यातलं आयकार्ड बघून त्यांना आम्ही अतिक्रमणवाले वाटलो. त्यांनी पाटी पटकन मागे ओढली.

"मावशी, पुण्यात कधी आलात?"

"मी नाही आली."

"मग इथे कोण बसलंय?"

"जाऊ बसते माझी. मी जराशी टेकली."

"बरं, जाऊ कधी आली?"

"तिलेच विचारा ना. ती गावाकडंच राह्यते!"

*

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका भेटले. मूळचे भंडाऱ्याचे. पाणी दिलं, खुर्ची दिली, पण उत्तर काही देईनात.

"कारखान्यात काम काय होतं आपलं?"

"सांगता येणार नाही."

"निदान कुठल्या विभागात?"

"गोपनीय आहे."

ओंकारने आदराने रेकॉर्डर बंद केला. तेवढ्यात काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "अहो, कँटीनला होते हे! वरणात मीठ किती, एवढंच काय ते गोपनीय!"

काका शांतपणे म्हणाले, "ते तर मी हिलाही सांगितलेलं नाही."

*

अमरावतीचा रोहन हिंजवडीत आयटीत आहे. त्याने आधी आमचाच इंटरव्ह्यू घेतला. डेटा कुठे स्टोअर करणार? ॲक्सेस कुणाकडे? समाधान झाल्यावर मग बोलला.

घर बघायला गेला, तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं होतं, "विदर्भातले का? म्हणजे भाजी झणझणीत. आमच्या भिंतींना नवा रंग दिलाय हो."

"काकू, मी मेसमध्ये जेवतो."

"आणि दिवसभर?"

"ऑफिसला."

"मग घर हवंय कशाला तुम्हाला?"

आम्ही हसलो, तोही हसला. मग म्हणाला, "हे आईला ऐकवू नका हं. पहिलंच घर मिळालं, असं सांगितलंय मी तिला."

*

आणि धनकवडीचे ते आजी-आजोबा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत गोंदियाकडचं गाव सोडून दोघं पुण्यात आले, ते परत कधी गेलेच नाहीत. का सोडलं, असं विचारलं की आजोबांचं एकच उत्तर, "नोकरीसाठी." शब्द तोच, सूर तोच.

मध्येच ते दूध आणायला खाली उतरले. जिन्यातला चपलांचा आवाज थांबेपर्यंत आजी गप्प होत्या. मग माझ्या जवळ सरकल्या.

"नोकरी तर इथं आल्यावर किती दिवस नव्हतीच! गावात आमचं बरं होतं वो. एका सकाळी म्हणाले, चाल. मी निघाली. माय-बाप पुन्हा दिसले नाहीत मले."

"मग गाव सोडलं कशासाठी?"

"मले काय माहीत? पहिलेपहिले विचारलं, तर जेवत नव्हते. मग सोडलं विचारणं." त्यांनी माझा हात धरला. "तू विचार ना, पोरी. परक्या माणसाले सांगतीन. मी आत बसून ऐकतो."

आजोबा परत आले. आजी दूध घेऊन आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही. मी रेकॉर्डर आजोबांपुढे सरकवला आणि जमेल तितक्या सहजपणे म्हटलं, "आजोबा, नोकरीचं कळलं. पण गाव नेमकं का सोडलंत?"

आजोबांनी रेकॉर्डरकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या पडद्याकडे.

मग आवाज एकदम खाली आणून मला विचारलं, "ती रडत होती का?"