आईंना चालत नाही

“कुकरची रिंग धुवायला काढली कोणी? तूच ना?”

“मीच. परत झाकणाला लावा म्हणून तुम्हाला सांगितलं होतं.”

“कधी?”

“तुम्ही बॅगेवर बसून चेन ओढत होतात तेव्हा.”

“मग आता हा कुकर काय डोक्यावर घालून फिरू?”

“फिरा. तेवढंच गावातून फिरल्यासारखं होईल.”

समुद्राजवळच्या भाड्याच्या खोलीत रिंगेवाचून आज चौथ्या दिवशीही भात नुसता रटरटत होता, शिजत नव्हता. नवरा विमा कार्यालयात कारकून, बायको शिवणकाम करणारी. लग्नानंतरची ही पहिली सुट्टी, नवऱ्याच्या आईही बरोबर. तांदूळ, डाळ, तिखटामिठाचे डबे, कुकर, सगळं घरून आणलेलं. कारण आईंना बाहेरचं चालत नाही. ही काळ्या दगडावरची रेघ होती. आई मात्र पहाटेच फिरायला गेल्या होत्या.

आईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात झाली. पथ्याचं जेवण त्या रांधत. मीठ नावाला, तेल थेंबभर, तिखटाचं नाव नाही. तिथला नियम असा, की पातेलं वॉर्डात जाण्याआधी रांधणारीने त्यातलंच ताटभर सगळ्यांदेखत जेवायचं. म्हणजे चोरून चव आणायची सोय नाही. निवृत्त होईपर्यंत आई ते जेवल्या. घरीही जे वाढलं ते खाल्लं, नावं ठेवली नाहीत. हिला असंच लागतं, असं घराने धरून चाललं. विचारलं कोणीच नाही, आणि आपण होऊन सांगण्याचा आईंचा स्वभाव नव्हता.

भात अर्धकच्चा ठेवून सून रिंग शोधायला बाजारात निघाली. मासळीच्या धक्क्याजवळ तिला सासूबाई दिसल्या. उलट्या खोक्यावर बसून माशाचा लालभडक रस्सा ओरपत होत्या. कपाळावर घाम, नाकाला धार.

“आई, हे तिखट आहे.”

“कळतंय मला. बस तू. रुमाल आहे का?”

सुनेने रुमाल दिला. “रोज येता?”

“आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“आणि परत येऊन माझा तो भातही जेवता?”

“तू एवढी राबून करतेस, टाकायचा कसा? पण तू सुट्टीवर येऊन करतेसच कशाला?”

“तुम्हाला चालत नाही म्हणून.”

आईंनी वाटी गुडघ्यावर टेकवली. रस्सेवालीने न विचारताच दुसरी वाटी सुनेसमोर सरकवली.

“लहानपणी पाहुण्यांकडे गेलो, की तुझा नवरा ओठ घट्ट मिटून बसायचा,” आई म्हणाल्या. “अनोळखी घास कधी घशाखाली उतरला नाही त्याच्या. तेव्हा मीच सांगायचे, त्याचं पोट नाजूक आहे. आता तो माझ्या पोटाचं सांगतो.”

सुनेने पहिला घोट घेतला आणि तिला ठसका लागला.

“हळू,” सासूबाई म्हणाल्या. “पळून जात नाही रस्सा.”

दोघी परतल्या तेव्हा मुलाने पानं मांडली होती.

“रिंग मिळाली?”

“शोधली नाही,” सून म्हणाली.

“म्हणजे? आईने काय खायचं?”

“आई जेवून आली आहे,” आई म्हणाल्या. “धक्क्यावर.”

मुलाने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. “तिथलं? आणि पोट बिघडलं म्हणजे?”

“बिघडायचं असतं तर केव्हाच बिघडलं असतं. रोज जाते मी. चार घास तूही चाखून बघ.”

“मला नको,” तो पटकन म्हणाला. मग सावरून, “तुझ्यासाठीच म्हणतो आहे मी.”

“माझ्यासाठी नको म्हणूस. तुझ्यासाठी म्हण, मला राग नाही.”

आईंनी आपलं पान उचलून फळीवर ठेवलं, मग सुनेचंही.

“उद्यापासून मी दोन्ही वेळा बाहेर जेवणार. ही माझ्याबरोबर येईल. तुझ्यापुरता भात तू लाव.”