मालकाचं औत मागं

जावळीच्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. एक डोंगर चढणं आणि दुसरी पुढं होणं. मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या एवढ्याशा गावात घरटी एक गडी फौजेत, आणि सुट्टीवर आलेला फौजी लग्नाच्या पंगतीतसुद्धा पहिलं पान धरणार. कृष्णात धनावडे याच मातीतला. पायदळात शिपाई म्हणून लागला, सुभेदार झाला, निळी टोपी घालून दक्षिण सुदानला शांतिसेनेत एक खेप करून आला. निवृत्ती तोंडावर आली असताना त्याच्यावर एक नवंच काम येऊन पडलं.

भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या चार शेजाऱ्यांचे जवान एकत्र करून शांतिसेनेची एक तुकडी घडवायची होती. आजवर जो तो आपापली पोरं परमुलखात पाठवायचा. आता शेजाऱ्यांनी मिळून जावं असं वरच्यांनी ठरवलं. शिरवळच्या पलीकडं डोंगरात तळ पडला. शेवटी परीक्षा होती. पास झाली तर तुकडी एकत्र जाणार, नाहीतर मोडून चौघं चार वाटांनी घरी. तुकडीचा सुभेदार कृष्णात. त्यानं हे फोनवरून गावाला सांगितलं आणि गावानं अख्ख्या तालुक्याला.

पहिल्याच सरावात त्यानं नाक कापून घेतलं. माळावर पत्र्याचं खोटं गाव उभं केलं होतं आणि पाण्याच्या टँकरवरून दोन जमाव भांडायला उठले होते. जमाव जवानांचाच, पण शिव्या अस्सल. एकही गोळी न झाडता टँकर गावात पोचवायचा होता. कृष्णातनं प्रत्येक नाक्यावर आपला गडी ठेवला, पाहुण्या देशांच्या जवानांना कडेला उभं केलं आणि सगळे हुकूम स्वतः सोडले. झकास चाललं होतं. तेवढ्यात पंच म्हणून आलेल्या मेजरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुभेदारसाहेब, तुम्हाला दगड लागला. तुम्ही बाद. खाली बसा."

कृष्णात खाली बसला आणि तुकडी जागच्या जागी थिजली. आता कुणाचं ऐकायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. जमावानं टँकर पळवला.

"तुमचा एकेक जवान हिरा आहे," मेजर म्हणाले, "पण यात तुकडी कुठं आहे?"

हे कृष्णातच्या जिव्हारी लागलं. कुणी आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी तो सुट्टी काढून गावी गेला. आई बनाबाईनं इर्जिक घातली होती. त्या उतारावरच्या रानात ट्रॅक्टर चढत नाही. मग आसपासच्या वाड्यांतली माणसं आपापली बैलजोडी घेऊन येतात आणि एका दिवसात एकाचं रान नांगरून देतात. मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, बस्स. त्यातली एक रीत मात्र मोडायची नाही. नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली सरी, पाहुण्याच्या औताची, मालकाचं औत सगळ्यांच्या मागं.

फौजेत राहून कृष्णात नेमकी तीच विसरला. गावात आल्या आल्या आपली जोडी हाकत सगळ्यांच्या पुढं गेला. मेढ्याचा दिलावर, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आडवा आला.

"गड्या, रान तुझंच हाय, ते काय पळून चाललंय व्हय? मागं हो."

सगळे हसले. कृष्णात ओशाळून मागं झाला, आणि मागून त्याला अख्खं रान दिसायला लागलं. दिलावरच्या नांगराचा फाळ दगडात अडकला, तसं दुसरं औत न विचारता पुढं सरकलं. दिलावर फाळ ठोकून रांगेच्या शेवटी येऊन लागला. हुकूम कुणी सोडला नाही आणि मान कुणाचा गेला नाही. दुपारी मटण वाढतानाही कृष्णातची नजर सारखी रानाकडं वळत होती.

"काय झालं रं?" बनाबाईनं विचारलं.

"काय न्हाई आई. आजच तळावर जातो."

तळावर त्यानं सगळी मांडणी उलटीपालटी केली. सगळ्यात पुढं नेपाळचा सुभेदार हरिबहादूर, त्याच्यामागं बांगलादेशचा हवालदार रफिकुल, मग श्रीलंकेची सार्जंट निलंती. आपली पोरं शेवटी. प्रत्येकानं प्रत्येकाचं काम शिकायचं आणि पुढचा पडला की मागच्यानं विचारत बसायचं नाही. तासगावचा नाईक शिवतेज फणकारला.

"साहेब, आपल्याच घरात आपुन मागं?"

"आपलं घर हाय म्हणूनच."

"लोक काय म्हणतील?"

"पाहुणचार चांगला व्हता म्हणतील."

पोरांनी तोंडं फुगवली. तळाच्या कर्नलसाहेबांनी परवानगी दिली, पण बुडालं तर नाव कृष्णातचं बुडेल हेही बजावलं. इतक्या वर्षांची चोख नोकरी, आणि शेवटच्या डावाला तो हुकमाची पानं दुसऱ्यांच्या हातात देत होता. त्याला भीती वाटली, खोटं कशाला बोला.

परीक्षेला चारी देशांचे मोठे अधिकारी आले. जमाव दुप्पट होता. पंचांनी आधी हरिबहादूरला बाद केलं. रफिकुल तोवर पाऊलभर पुढं आलाच होता, तो एका जमावाच्या म्होरक्याशी हळू आवाजात बोलत राहिला. मग रफिकुल बाद. निलंतीनं पुढं होऊन लुगडी नेसलेल्या मिशाळ जवानांना आधी घागरी भरायला रांगेत लावलं, तशी दुसरी बाजू थोडी निवळली. मग तीही बाद झाली.

आता शिवतेज. दगड उचललेला जमाव त्याच्या अंगावर येत होता. त्यानं मागं वळून कृष्णातकडं बघितलं. एक हुकूम, नुसती मानेची खूण पुरली असती. कृष्णातच्या ओठांवर शब्द आला होता. तो त्यानं गिळला आणि पोराकडं चक्क पाठ केली.

पाठीमागं काय चाललंय ते त्याला नुसतं ऐकू येत होतं. आधी गलका, मग शिवतेजचा आवाज, मग रांगेतल्या घागरींचा खणखणाट. वळून बघितलं तर शिवतेज रायफल पाठीवर टाकून दोन्ही म्होरक्यांना टँकरच्या दोन बाजूंनी चालवत होता, आणि टँकर गावात शिरत होता. गोळी सुटली नव्हती.

मेजरसाहेब कृष्णातसमोर येऊन उभे राहिले.

"सुभेदारसाहेब, शेवटचा हुकूम कुणाचा होता?"

"ठाऊक नाही, साहेब," कृष्णात म्हणाला. उभ्या नोकरीत हे उत्तर त्यानं पहिल्यांदाच दिलं, आणि तेही सावधानमध्ये, छाती काढून.