रविवारची अंघोळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. सांगावेसे वाटले, त्या प्रत्येक वेळी समोरचा माणूस मला सज्जन समजत होता. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून बरे.

माझी पत्नी घर सोडून कामशेतला माहेरी गेली. का गेली, ते लिहीत नाही. लिहू लागलो तर माझीच बाजू मांडत बसेन. नऊ वर्षांची कुसुम आणि धाकटा वसंता माझ्यापाशी लोणावळ्यात राहिले. दर रविवारी मुलांनी आईकडे जावे, असा कोर्टाचा हुकूम होता. मी तो पाळला. मुलांना स्वतः गाडीत बसवून दिले. त्यांच्या आईविषयी वाईट शब्द — एकही — उच्चारला नाही. मग मी केले तरी काय?

संध्याकाळी मुले परतली की मी त्यांना उंबरठ्याबाहेरच थांबवी. बाहेरूनच परसात नेई आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून गार पाणी ओती. आईने तेल लावून घातलेली कुसुमची वेणी भिजून सुटे. स्मशानातून आलेल्या माणसाला असे घरात घेतात, हे तिला ठाऊक होते. आजोबा गेले तेव्हा तिने पाहिले होते.

"बाबा, तिकडं कोण मेलं?" तिने एकदा विचारले.

मी उत्तर दिले नाही. न देणे, हेच उत्तर नव्हते का?

थंडी वाढली आणि मुले जाईनाशी झाली. मेव्हणा न्यायला आला. "दाजी, ताई सकाळधरनं ठेसनावर बसलीया. पोरांस्नी धाडा की!"

"मामा, आम्ही नाही येणार," कुसुम आतूनच म्हणाली.

मी हात पसरले — पाहा, मी कुठे अडवतो?

कोर्टात विचारले, तेव्हाही ती तेच बोलली. मग तो हुकूम कागदावरच राहिला. मी खाली मान घालून उभा होतो; लोकांना ते दुःख वाटले.

पत्नी गेल्या वर्षी वारली. कुसुम आता स्वतः आई झाली आहे. परवा माहेरी आली, तेव्हा माझ्याजवळ बसून रडली. "आई बोलवत होती, बाबा. मला कुणी अडवलं होतं का? मीच गेले नाही."

"लहान होतीस गं," मी म्हणालो.

होय — मी तिला क्षमा केली. मी!

ती उठली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.