चालीचा तिसरा भाग

क्वेबेकमधल्या एका नदीकाठच्या गावात मी काही हिवाळे राहिले. माझे घरमालक आर्मां व्हायोलिन वाजवताना खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ताल धरायचे. नाचाची एक चाल त्यांची फार लाडकी होती. ती त्यांच्या पणजोबांनी एका स्कॉटिश लाकूडतोड्याकडून उचलली, असं ते सांगत. पलीकडच्या काठावरचे लोक म्हणत, ती नाचाला आलेल्या एका अनोळखी माणसानं दिली. तो परत गेला तेव्हा बर्फावर पावलं उमटली नव्हती.

एका दुपारी त्यांची नवी सून एलेन ती चाल वाजवत होती. एलेन पलीकडच्या काठावरची. आर्मांच्या चालीला दोनच भाग होते, तिच्या चालीला तिसराही होता, खर्जातला, जड. तो सुरू झाला आणि आर्मांचे पाय थांबले.

"तो भाग या घरात वाजवत नाहीत, पोरी."

"का, बाबा?"

"माझ्या भावानं वाजवला होता. त्याच संध्याकाळी तो गोठलेल्या नदीवरून निघाला, पोचलाच नाही."

एलेनचा गज हातातच राहिला. तिचा नवरा रेमी त्या वेळी नदीवरूनच येत होता.

चाली विसरण्यानं बदलतात, असं मला वाटायचं. काही भीतीनंही तुटतात, हे मला त्या दुपारी खिडकीशी रेमीची वाट बघताना कळलं.

अंधारायच्या आत रेमी सुखरूप आला. आर्मांनी त्याला घट्ट मिठी मारली.

"आज कोण वाजवत होतं?" बूट काढत त्यानं विचारलं. "ते खर्जातले सूर सबंध नदीभर माझ्या मागून येत होते."