सत्यशीलाताईंचे दोन खोटे रक्तदाते

गारखेड्यातल्या आमच्या रक्तपेढीत सत्यशीलाताई एकोणतीस वर्षं नोंदणीच्या खिडकीत बसल्या. मी तिथं टेक्निशियन. माझं टेबल त्यांच्या समोरच होतं, त्यामुळं हे सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलं.

ताई मूळच्या अजिंठ्याच्या. बोलणं थोडं, नजर बारीक. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला एका रक्तदात्याच्या तपासणीत काविळीचा दोष निघाला होता. आमच्याच कुणीतरी ते टपरीवर बोलून दाखवलं आणि महिन्याभरात त्या माणसाची ठरलेली सोयरीक मोडली. तो खिडकीशी आला, थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. तेव्हापासून, गरजेला बोलावता येतील अशा दात्यांचं रजिस्टर ताईंच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

दोन वर्षांपूर्वी मोनिका आली. कन्नड तालुक्याकडची, वडील मेंढरं राखणारे, ही वाळूजच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. ती रक्त द्यायला आली त्या दिवशी एका बाळंतिणीसाठी बी निगेटिव्ह हवं होतं आणि ताई रजिस्टरची पानं उलटत होत्या. पाऊण तास गेला. मोनिका ते बघत बसली आणि जाताना म्हणाली, "मी तुम्हाला एक प्रोग्रॅम करून देते. सुट्टीच्या दिवशी करीन."

आमच्याकडं तीन तऱ्हेचे संगणक होते. खिडकीत विंडोजचा, आत देणगीत आलेला लिनक्सचा आणि डॉक्टरांचा मॅक. मोनिका म्हणाली, "अडचण नाय. एक फ्रेमवर्क मिळतं. प्रोग्रॅम एकदाच लिहायचा, तिन्हीवर चालतो. सुताराकडून तयार चौकट आणतो ना, तसं. दार तेवढं आपण बसवायचं."

"चौकट केवढ्याला?" ताईंनी विचारलं.

"फुकट."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "फुकट कोण देतं गं? पैसे घेत नाय तर मग काय घेतात?"

"काहीच नाय मावशी. जगभरातली माणसं मिळून लिहितात. सगळं उघडं असतं, कुणीबी वाचावं."

"तू वाचलंस?"

"सगळं नाय. लई मोठं आहे ते."

"म्हणजे न वाचता इथं आणलंस," ताई म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या.

डॉक्टरांना प्रोग्रॅम पसंत पडला. तीन महिन्यांत तो तिन्ही संगणकांवर बसला, आणि ताईंनी पाळत सुरू केली. जेवायला जाताना त्या इंटरनेटची वायर काढून पिशवीत घालून न्यायच्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसं चक्र फिरलं की मला हाक मारायच्या, "बघा, आता काहीतरी चाललंय." मोनिका समजावायची की यादी इमारतीबाहेर जात नाही, सगळं इथल्याच संगणकात आहे. ताई ऐकून घ्यायच्या. मान मात्र हलवायच्या नाहीत.

एके दिवशी त्यांनी दोन सिम घेतली आणि दोन्ही एका साध्या बटणांच्या फोनमध्ये घातली. मग त्यांनी दोन बायका जन्माला घातल्या. प्रोग्रॅममध्ये पुतळाबाई, पहिल्या सिमचा नंबर. रजिस्टरमध्ये दगडाबाई, दुसऱ्या सिमचा. दोघींचा रक्तगट बी निगेटिव्ह; फोन ज्या नावानं येईल, ती यादी फुटली. हे फक्त मला सांगितलं. "पुतळाबाईला फोन आला की मी डॉक्टरांसमोर ठेवते हा फोन," त्या म्हणाल्या.

पाच महिने फोन गप्प. मग एका दुपारी चहा चालू असताना तो वाजला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता, आरोग्य विम्याचं काहीतरी. ताईंनी फोन कानापासून जरा दूर धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"तुमचा रक्तगट बी निगेटिव्ह ना? तुमच्यासारख्यांसाठी खास योजना आहे, दगडाबाई."

ताईंच्या चेहऱ्यावर आधी जिंकल्याचा भाव आला होता. नाव ऐकलं आणि तो गेला. त्यांनी फोन बंद केला, उठून कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि दगडाबाईचं पान उघडलं.

रजिस्टर त्या पाच महिन्यांत एकदाच बाहेर गेलं होतं. शिवराजकडं. तो शिबिरं भरवायचा, अकरा वर्षांपासून ताई त्याला राखी बांधत होत्या. जुन्या दात्यांना आमंत्रण द्यायचं म्हणून एका शनिवारी ताईंनी स्वतः त्याच्या हातात ते दिलं होतं.

त्यांनी त्याला बोलावून घेतलं. तो हसतच आला.

"व्हय ताई, फोटो काढले होते. एक ओळखीचा शिबिराला टी-शर्ट देणार होता, त्याला यादी पाहिजे होती. नुसते नंबरच तर दिले."

"नंबरासमोर रक्तगट होता, शिवराज."

"त्यानं काय होतं?"

"काय होतं ते मी त्या खिडकीशी उभं राहिलेलं पाहिलंय," ताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तू जा आता."

प्रकरण आतल्या आत मिटावं असं डॉक्टरांना वाटत होतं. ताईंनी लेखी अर्ज दिला, त्यात चूक आपली स्वतःची असं स्पष्ट लिहिलं, आणि मग यादीतल्या तीनशे बारा जणांना फोन लावायला बसल्या. मी निम्मे घेतो म्हणालो तर "नको" म्हणाल्या. नऊ दिवस लागले. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या, सोळा जणांनी आमचं नाव काढून टाका म्हणून सांगितलं. ताईंनी सोळाही नावं त्याच क्षणी काढली.

मग त्यांनी मोनिकाला बोलावलं. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी विचारलं, "ही यादी कुणी उघडली, कधी उघडली, हे तुझा प्रोग्रॅम लिहून ठेवील का?"

"ठेवील."

"आणि ती नोंद पुसू कोण शकतं?"

"मीच," मोनिका हसत म्हणाली.

"मग तुझ्यावर लक्ष कोणाचं?"

मोनिकाचं हसू थांबलं. त्या आठवड्यात तिनं अशी सोय केली की नोंदीची एक प्रत रोज संध्याकाळी छापून निघेल आणि तिच्यावर ताई सही करतील. पण ताईंचे प्रश्न तिच्या डोक्यातून गेले नाहीत, 'तू वाचलंस?' हाही. दर रविवारी ती त्या फ्रेमवर्कचा कोड वाचायला लागली, थोडा थोडा. चौथ्या महिन्यात तिला एक चूक सापडली. प्रोग्रॅम बंद पडला तर पडद्यावरचा मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत तसाच, कुणालाही वाचता येईल असा, राहून जायचा. तिनं ती फ्रेमवर्क लिहिणाऱ्या माणसांना कळवली आणि त्यांनी ती दुरुस्त करून आभार मानले.

मोनिका पळतच आली. "मावशी, मी त्यांना लिहिलं की चूक तुमच्यामुळं सापडली. त्यांच्या पानावर तुमचं नाव छापलंय त्यांनी!"

ताईंनी चष्मा लावला, पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं. दोनदा वाचलं.

"मला विचारलं होतंस का?"

मोनिकानं तिथंच उभ्यानं नाव काढायची विनंती पाठवली. दुसऱ्या दिवशी ते निघालं. ताईंनी पान उघडून स्वतः खात्री केली आणि मग पहिल्यांदाच तिला बसायला खुर्ची दिली.